गरीब ग्रंथकाराचें पुडिंग

आपल्या साहित्यशास्त्रानें आपली परिभाषा स्वयंपाकघरांतून उसनी आणलेली आहे, ही गोष्ट आपण सोयीस्करपणें विसरतों. रस, रुचि, आस्वाद, चर्वणा, पाक हे सारे शब्द मूळचे जिभेचे आणि दातांचे आहेत. भरतानें नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रसाचें स्वरूप समजावून देतांना नाना व्यंजनांनीं संस्कारलेलें अन्न खाणाऱ्या माणसाचाच दृष्टांत घेतला आहे. असें असतां, कवितेवर आयुष्यभर लिहिणाऱ्या टीकाकारानें एखाद्या वेळीं खाद्यपदार्थावर चार पानें लिहिलीं, तर कोणीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं. तो केवळ जुनें ऋण फेडीत आहे इतकेंच.

या ऋणफेडीसाठीं मीं निवडलेला पदार्थ म्हणजे पावाचें पुडिंग. श्रीखंड-बासुंदीच्या पंक्तीस बसण्याची योग्यता त्याला कोणी देत नाहीं, आणि तें वाईट केलेलें असल्यास देऊंही नये. परंतु तें चांगलें कशानें होतें व वाईट कशानें होतें याचा नीट विचार करूं गेल्यास काटकसर, औचित्य आणि उसनवारी या तीन प्रश्नांवर कांहीं प्रकाश पडतो, असें माझें मत आहे. आणि हे तिन्ही प्रश्न साहित्याला परके नाहींत.

प्रथम नांवाचा घोळ मिटवला पाहिजे. इंग्रजांच्या घरीं या पदार्थाच्या दोन जाती आहेत. पहिलींत शिळा पाव भिजवून, पिळून व कुसकरून त्यांत मनुका, मसाला, साखर आणि चरबी किंवा लोणी घालतात, तो गोळा भाजतात आणि थंड झाल्यावर त्याच्या चौकोनी वड्या पाडतात. दुसरींत लोणी लावलेले पावाचे काप भांड्यांत रचून त्यांवर दूध-अंड्यांचें मिश्रण ओततात व तें मंद आंचेवर गोठूं देतात. हॅना ग्लास या बाईंनीं १७४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्रावरील ग्रंथांत या दोन्ही जाती आढळतात. म्हणजे हा भेद निदान पावणेतीनशें वर्षांचा जुना आहे. माझी आवड दुसऱ्या जातीकडे आहे, आणि तिचें कारण असें कीं पहिलींत पाव हा केवळ भरतीचा माल होऊन बसतो. कुसकरल्यानंतर तो मूळचा पाव होता कीं शिळा केक होता, हें सांगतां येत नाहीं. दुसरींत पाव शेवटपर्यंत पाव राहतो. तळाशीं तो दुधानें जड झालेला, मध्यें लुसलुशीत आणि वरच्या अंगाला खरपूस असतो. एकाच घांसांत त्याच्या तीन अवस्था जिभेला भेटतात. ज्या पदार्थाला पावाचें नांव दिलें आहे त्यांत पाव ओळखूं यावा, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

आतां मुख्य साक्षीदाराकडे वळूं. एलायझा अ‍ॅक्टन ही बाई १७९९ सालीं जन्मली. तिनें १८२६ सालीं कवितांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें ती नव्या कविता घेऊन लंडनमधील लाँगमन या प्रकाशन-संस्थेकडे गेली असतां, ‘कविता नकोत, त्यापेक्षां पाककृतींचें चांगलेंसें पुस्तक लिहून आणा,’ अशा अर्थाचा सल्ला तिला मिळाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, १८४५ सालीं तिचें खासगी कुटुंबांसाठीं लिहिलेलें पाकशास्त्राचें पुस्तक त्याच संस्थेनें काढलें हें खरें. आणि त्या पुस्तकांत दोन पुडिंगें अशीं आहेत कीं ज्यांवरून त्या आख्यायिकेवर विश्वास ठेवावासा वाटतो. एकाचें नांव आहे ‘प्रकाशकाचें पुडिंग’ आणि दुसऱ्याचें ‘गरीब ग्रंथकाराचें पुडिंग’. दोहोंतही पाव आहे. परंतु त्या पावाची जी गत दोन ठिकाणीं होते, तींत साऱ्या टीकाशास्त्राचा एक धडा सांठवलेला आहे.

प्रकाशकाच्या पुडिंगाविषयीं बाई आरंभींच सांगून टाकतात कीं तें कितीही सढळ हातानें केलें तरी अति व्हावयाचें नाहीं. मग बदाम वाटावयाचे, त्यांत उकळती मलई ओतून ती फडक्यांतून पिळून काढावयाची आणि ती पुन्हां तापवून पावाच्या चार औंस चुऱ्यावर टाकावयाची. त्यांत बदामाचीं बिस्किटें, गोमांसाची चरबी, हाडांतील मगज, साखर, सुकवलेल्या चेरी, उत्तम मनुका, पाकांत मुरवलेली फळाची साल, जायफळ, सात अंड्यांचे नुसते बलक आणि सर्वांच्या शेवटीं पेलाभर कोन्याक ब्रँडी! एवढें झाल्यावर चार तासांहून अधिक वेळ तें उकडावयाचें. गरीब ग्रंथकाराच्या पुडिंगाची कृति मात्र एका दमांत सांगून होते. एक क्वार्ट, म्हणजे सुमारें ११०० मिलिलिटर दूध दालचिनी किंवा लिंबाची साल घालून उकळावें. त्यांत तीन औंस, म्हणजे ८५ ग्रॅम साखर आणि मिठाचे चार कण घालावे. निवल्यावर तीन अंडीं फेसून घालावीं व मिश्रण गाळून घ्यावें. वरच्या बाजूला, कडा काढलेल्या आणि दोन्ही अंगांना लोणी लावलेल्या पावाच्या कापांचें एक सलग छप्पर घालावें, आणि बेताच्या आंचेवर सुमारें अर्धा तास भाजावें. संपलें.

या जोडीकडे बहुतेक वाचक थट्टा म्हणून पाहतात व हंसून पुढें जातात. प्रकाशक गबर आणि लेखक उपाशी, हा विनोद सर्व भाषांत आहे आणि मराठींत तर तो विनोद न राहतां पुष्कळदां हिशेबाच्या वहींत उतरलेला आहे. परंतु मला या जोडींत थट्टेपलीकडचा निवाडा दिसतो. बाईंनीं दोन्ही कृती सारख्याच काळजीनें लिहिल्या आहेत. गरीब ग्रंथकाराचें पुडिंग ही प्रकाशकाच्या पुडिंगाची पडकी आवृत्ति नव्हे. ती निराळ्या विचारानें केलेली स्वतंत्र रचना आहे. पहिल्यांत पावाचा चुरा आहे, पण त्याचें काम बदाम, मगज आणि ब्रँडी यांना एकत्र धरून ठेवण्याचें. त्याच्याऐवजीं दुसरा कसलाही चुरा घातला तर खाणाऱ्याला फारसा फरक कळूं नये. दुसऱ्यांत पावाला जागा दिलेली आहे, आणि ती सर्वांत वरची आहे. खालीं पातळसर, जेमतेम गोड, दालचिनीच्या वासाचें दूध; वर लोण्यांत खरपूस झालेला पाव. मऊ आणि कुरकुरीत, फिकें आणि खमंग, असा विरोध अवघ्या पांच-सहा जिनसांत साधलेला आहे.

अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र यानें औचित्य हेंच काव्याचें जीवित मानलें, आणि कमरपट्टा गळ्यांत घातला तर त्यानें शोभा न येतां हंसेंच होतें असें बजावलें. प्रकाशकाच्या पुडिंगांतील प्रत्येक दागिना खरा आहे, सोन्याचा आहे. परंतु कोणता दागिना कोणत्या अवयवासाठीं आहे याचा पत्ता लागत नाहीं. आपल्या भाषेंत अशा शैलीचे ग्रंथ कांहीं थोडेथोडके नाहींत. दर वाक्याला उपमा, दर पानाला संस्कृत अवतरण, आणि शेवटीं पेलाभर करुणरस! वाचून झाल्यावर पोट जड होतें आणि विषय काय होता हें आठवत नाहीं.

येथें एक आक्षेप येणें स्वाभाविक आहे, व तो मला महत्त्वाचा वाटतो. पोटभर जेवणाऱ्या माणसानें गरिबीच्या चवीचें कौतुक करणें यांत एक प्रकारचा दांभिकपणा असतो, असें कोणी म्हणेल. तें म्हणणें बरोबर आहे, आणि म्हणूनच बाईंच्या ‘गरीब’ या शब्दाकडे डोळसपणें पाहिलें पाहिजे. हें पुस्तक निघालें त्या दशकाला इंग्लंडांत भुकेचें दशक म्हणतात. परदेशी धान्यावरील जकातीचे कायदे १८४६ पर्यंत उठले नव्हते. त्या काळच्या खऱ्या गरिबाच्या घरीं इतकें दूध, तीन अंडीं आणि पावाच्या दोन्ही अंगांना लावण्याइतकें लोणी एकाच दिवशीं येणें कठीण होतें. तेव्हां हा ग्रंथकार भुकेकंगाल नव्हे. ज्याला चांगलें काय हें कळतें, पण प्रत्येक जिन्नस मोजून घ्यावा लागतो असा तो गृहस्थ आहे. म्हणजे तो आपल्यांपैकींच एक आहे. हें पुडिंग गरिबीचें गाणें नसून हिशेबाचें शास्त्र आहे. ऐपतीच्या आंत राहून चव साधण्याची जी विद्या मध्यमवर्गाच्या बायकांनीं पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, तिला कला म्हणण्याची पाळी आली कीं आपण कचरतों. कारण खर्च दिसल्याशिवाय कला दिसत नाहीं, अशी आपल्या डोळ्यांना संवय झाली आहे.

या बाईंच्या हिशेबीपणाचें फळ पुढें दुसऱ्यांनीं खाल्लें, हेंही येथें सांगितलें पाहिजे. प्रत्येक कृतीच्या शेवटीं जिनसांचीं मापें आणि लागणारा वेळ यांचा गोषवारा देण्याची पद्धत तिनें पाडली. त्यापूर्वींच्या पुस्तकांत अंदाजपंचे कारभार फार. तिच्या पुस्तकांतील मोठमोठे भाग इतरांनीं नांव न घेतां उचलले, अशी तक्रार तिला १८५५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत करावी लागली. ती १८५९ सालीं वारली. १८६१ सालीं इझाबेला बीटन यांचा गृहव्यवस्थेवरील जाडजूड ग्रंथ पूर्ण स्वरूपांत बाहेर पडला, त्यांतही अ‍ॅक्टनबाईंच्या कृती पुष्कळ आहेत. मात्र जिनसांची यादी शेवटून उचलून आरंभीं नेलेली आहे. बीटनबाईंचे पति स्वतः प्रकाशक होते! पुढील शंभर वर्षें इंग्रज गृहिणीच्या फळीवर राहिला तो हाच ग्रंथ. बीटनबाई अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं वारल्या, तेव्हां त्यांच्यावर राग धरण्यांत अर्थ नाहीं. परंतु पुडिंगांचीं तीं दोन नांवें लिहितांना अ‍ॅक्टनबाईंनीं जो विनोद केला, तो त्यांच्याच बाबतींत अक्षरशः खरा ठरला. १९६८ सालीं त्यांच्या निवडक कृतींचें पुस्तक निघालें आणि एलिझाबेथ डेव्हिड या मर्मज्ञ लेखिकेनें त्याला प्रस्तावना लिहिली, तेव्हां कोठें ग्रंथकाराला त्याचें देणें थोडेंबहुत पोंचलें.

आतां पावाविषयीं. या पुडिंगाला शिळाच पाव हवा, ताजा चालत नाहीं, हें सर्व जाणत्या बायकांना ठाऊक आहे. शिळेपणा म्हणजे नुसतें वाळणें, असा आपला समज असतो. परंतु बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८५२ सालीं दाखवून दिलें कीं पाण्याचा अंश मुळींच उडूं दिला नाहीं तरीही पाव शिळा होतोच. भाजतांना फुगून मऊ झालेलें पिष्ट थंड झाल्यावर पुन्हां घट्ट घडी घालूं लागतें, हें त्याचें कारण. असा घडी बसलेला पाव दूध पितो पण विरघळत नाहीं. ताजा पाव मात्र दूध लागतांच खळ होतो. दुसरें पथ्य आंचेचें. दूध-अंड्यांचें मिश्रण सुमारें ८० ते ८५ अंश सेंटिग्रेडला गोठतें. त्यापुढें फार नेलें कीं तें आकसून पाणी सोडतें आणि फाटलेल्या दुधाप्रमाणें दिसूं लागतें. म्हणून भांडें पाण्याच्या थाळ्यांत ठेवून भाजावें, म्हणजे आंचेला लगाम राहतो.

खुद्द इंग्लंडांतही या पदार्थाची अवनति झाली ती पावामुळें. १९६१ सालीं चॉर्लीवुड येथील संशोधकांनीं कणीक यंत्रानें झपाट्यानें मळून, आंबवण्याचे तास जवळजवळ काढून टाकण्याची युक्ति शोधली, आणि थोड्याच वर्षांत त्या देशांतील बहुतेक पाव त्या रीतीनें होऊं लागला. तो कापसासारखा मऊ असतो आणि शिळा होण्याऐवजीं बुरसतो. १९७७ सालीं डेव्हिडबाईंनीं इंग्रजी पावावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत या कारखानी पावाची त्यांनीं चांगलीच हजेरी घेतली. त्यानंतर १९८० च्या दशकांत लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलांत आंतोन मोसिमान या स्विस आचाऱ्यानें ब्रेड-अँड-बटर पुडिंगाला पुन्हां प्रतिष्ठा मिळवून दिली. पण त्याच्या कृतींत मलई आली, व्हॅनिलाची शेंग आली, पाव कमी होऊन कस्टर्ड वाढलें. तें पुडिंग सुरेख असेल; परंतु जिनसा पाहतां त्यांत प्रकाशकाचा हात दिसतो.

आपल्याकडे या पदार्थाचा इतिहास अगदींच निराळा आहे. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा. गोव्यांत भल्या पहाटे पोदेराची हांक येते, तेथें पाव हें घरचें अन्न झालेलें आहे. महाराष्ट्रांतील पांढरपेशांच्या घरांत मात्र तो धर्मबाह्य म्हणून आला. १८४९ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या परमहंस सभेंत प्रवेश घेतांना ख्रिस्त्यानें भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. आणि १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून केवढें ग्रामण्य माजलें हें सर्वश्रुतच आहे. पुढें पाव आजाऱ्याचें पथ्य म्हणून माजघरापर्यंत पोंचला, आणि १९६५ सालीं सरकारनें मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढल्यानंतर कागदांत गुंडाळलेली कापलेली लादी गांवोगांव दिसूं लागली. या प्रवासांत पाव आला, पण शिळ्या पावाचें काय करावें ही अडचण आली नाहीं. कारण तो हवा तेवढाच आणीत. परिणामीं पुडिंग आपल्याकडे आलें तें आपल्या कारणाशिवाय आलें.

आणि जी वस्तु कारणाशिवाय येते, तिचें सोंग होतें. आपल्याकडील पुष्कळ घरीं आणि त्याहून अधिक हॉटेलांत हें पुडिंग करण्यासाठीं मुद्दाम ताजा पाव विकत आणतात, तो मिक्सरमध्यें वाटतात, ग्रंथकाराच्या दुप्पट-तिप्पट साखर ओततात, अननसाचा अर्क घालतात आणि वर लाल रंगाची चेरी ठेवतात. त्या लगद्यांत पाव शोधणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई शोधणें. अंडें न खाणाऱ्या घरांत कस्टर्ड-पावडर वापरतात, त्याला मात्र माझी हरकत नाहीं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यानें ती १८३७ सालीं काढली ती आपल्या पत्नीला अंडीं सोसत नसत म्हणून. म्हणजे तिच्या मुळाशीं खरी गरज आहे. तिनें केलेलें पुडिंग निराळें लागतें, पण तें लबाडी करीत नाहीं.

हैदराबादचा ‘डबल का मीठा’ पाहा. तोही पावाचाच पदार्थ. परंतु तेथें पाव तुपांत तळून पाकांत व आटीव दुधांत सोडतात. ती उघडउघड मेजवानी आहे, आणि मेजवानी म्हणून तिचें अंग-प्रत्यंग जुळलेलें आहे. इंग्रजी पुडिंगाची ती नक्कल करीत नाहीं, म्हणूनच ती पहिल्या प्रतीची आहे. उलट, गरीब ग्रंथकाराच्या पुडिंगाचें खरें भावंड आपल्या घरांत कोणतें म्हणाल, तर शिळ्या पोळीचा कुस्करून, गूळ-तूप घालून केलेला लाडू. त्यांतही कालचें अन्न टाकूं नये हा विचार, तीन-चार जिनसा आणि पोळीची पोळी म्हणून राहिलेली चव आहे. तो लाडू आपण पाहुण्यापुढें ठेवीत नाहीं, आणि अननसाच्या वासाचा लगदा कांचेच्या वाटींत घालून अभिमानानें ठेवतों, हें आपल्या अभिरुचीचें चिंताजनक लक्षण होय.

उसनवारीला माझा विरोध नाहीं. इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्यानें तो धरणें शोभणारही नाहीं. केशवसुतांनीं चौदा ओळींचा साज परभाषेंतून आणला, पण त्यांच्याजवळ त्या साजांत घालण्यासारखें स्वतःचें कांहीं होतें. त्यांच्यामागून चौदा ओळी मोजणारे पुष्कळ झाले. त्यांच्याजवळ ओळी होत्या, गरज नव्हती. परका घाट घेणाऱ्यानें त्या घाटामागची अडचणही समजून घ्यावी, आणि तशी अडचण आपल्या घरीं कोठें आहे तें शोधावें. आज मुंबई-पुण्याच्या घरांत पाव रोज येतो व रोज उरतो, अर्धी लादी शीतकपाटांत पडून राहते आणि तेथें तर ती अधिकच लवकर शिळी होते. म्हणजे अडचण आतां खरोखरच आलेली आहे.

तेव्हां माझें मत थोडक्यांत असें. पाव दोन दिवसांचा असावा. इराण्याचा ब्रून किंवा जवळच्या भट्टीचा साधा पाव मिळाल्यास कापलेल्या लादीपेक्षां तो बरा. साखर हात आंखडून घालावी. मनुका घातल्याच तर मूठभर, आणि त्या मिश्रणांत बुडवाव्या. वर राहिलेल्या मनुका जळून कडू होतात. वास एकच असावा, दालचिनीचा, लिंबाच्या सालीचा किंवा आपल्या जायफळाचा. तिन्ही एकदम नकोत. वर सॉस ओतूं नये, कारण खरपूस झालेलें छप्पर भिजवण्यासारखा दुसरा करंटेपणा नाहीं. आणि मिठाचे ते चार कण विसरूं नयेत. पुरणांत चिमूटभर मीठ घालणाऱ्या आपल्या आज्यांना त्याचें कारण समजावून सांगण्याची जरूर पडली नसती.